न्यूयॉर्कला छोटं विमान घेऊन जाताय? उतरायचं कुठं ते असं ठरवा

न्यूयॉर्कला छोटं विमान घेऊन जायचं म्हटलं की सगळ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, मॅनहॅटनला सगळ्यात जवळचं एअरपोर्ट कुठलं? उत्तर सोपंय, प्रवासी विमानांची मोठी एअरपोर्टं सोडली तर टेटरबरो, मिडटाउनपासून साधारण १२ मैल. पण माझ्या मते इथूनच गाडी चुकीच्या रस्त्याला लागते. विचारायचं ते हे की कुठलं एअरपोर्ट शेवटच्या वीस मिनिटांत माझ्यावर सगळ्यात कमी ओझं टाकेल, आणि तिथून मला हवं तेव्हा परत निघता येईल का. या दोन प्रश्नांची उत्तरं मिळाली की अंतराचा मुद्दा आपोआप मागे पडतो, कारण १२ मैल काय नि २५ मैल काय, पुढचं सगळं ट्रेन आणि ट्रॅफिकच्याच हातात असतं.

हे लिहितोय ते सेसना १७२, पायपर आर्चर, सिरस असलं एका इंजिनचं विमान एकट्याने उडवणाऱ्यांसाठी. न्यू जर्सीत आणि आसपास आपली बरीच मराठी मंडळी आता लायसन्स काढतायत, आणि काही जण बारामतीला किंवा शिरपूरला ट्रेनिंग करून इथे आलेले असतात, त्यांना तर इतके पर्याय बघून गोंधळायला होतं. साहजिकच आहे, आपल्याकडे मुंबईला छोटं विमान घेऊन जायचं तर निवडायला फारसं काही नसतंच. जुहूला १५ ऑक्टोबर १९३२ ला जेआरडी टाटा कराचीहून टपाल घेऊन उतरले, पण आज तिथे मुख्यतः हेलिकॉप्टरं, मोठ्या एअरपोर्टवर प्रवासी विमानांची रांग, पुण्याचं लोहगाव हवाई दलाचं. न्यूयॉर्कभोवती मात्र छोट्या विमानांना चालतील अशी डझनभर तरी एअरपोर्टं आहेत, त्यामुळे निवड नीट करायला लागते.

आधी जायचं नक्की कुठं ते ठरवा

न्यूयॉर्क हे एक ठिकाण नाहीये. मधे हडसन, पलीकडे ईस्ट रिव्हर, आणि प्रत्येक नदी ओलांडायची म्हणजे पूल किंवा बोगदा, त्याचा टोल आणि तिथली रांग. त्यामुळे नकाशावर सरळ रेषेत अंतर मोजून काही कळत नाही. तुमचं काम मिडटाउनला आहे, क्वीन्समधे जॅक्सन हाइट्सला आहे, लाँग आयलंडला आहे का न्यू जर्सीत एडिसनला मामेभावाकडे आहे त्यावर सगळं बदलतं. एडिसनला जायचं असेल तर हडसन ओलांडायचा विचारसुद्धा करू नका, तिथल्याच लिंडन किंवा सेंट्रल जर्सी एअरपोर्टला उतरा, गाडीने पोचाल. क्वीन्स किंवा लाँग आयलंडला जायचं तर न्यू जर्सीच्या बाजूला उतरून मॅनहॅटन आडवं कापत जाणं म्हणजे शुक्रवारी संध्याकाळी दोन-अडीच तास सहज गेले.

आणि मॅनहॅटनला जाताना भाड्याची गाडी शक्यतो नकोच. ५ जानेवारी २०२५ पासून ६० व्या स्ट्रीटच्या खाली गाडी नेली की कंजेशन टोल लागतो, गर्दीच्या वेळी ९ डॉलर, वर बोगद्याचा टोल, वर पार्किंग. ट्रेनच बघा. म्हणजे एअरपोर्ट निवडताना जवळ कुठलं स्टेशन आहे हा प्रश्न रनवेच्या लांबीइतकाच महत्त्वाचा झाला.

आकाशाचं चित्र डोक्यात पक्कं करा

जेएफके, लाग्वार्डिया आणि नेवार्क या तीन मोठ्या एअरपोर्टांभोवती मिळून न्यूयॉर्कचं क्लास बी, म्हणजे कंट्रोलरच्या परवानगीशिवाय शिरता न येणारं आकाश आहे, जमिनीपासून ७,००० फुटांपर्यंत. उतरंड उलटी ठेवली तर जशी दिसेल तसं, खाली तोंड लहान आणि वर जाईल तसं रुंद, आणि आपली छोटी एअरपोर्टं त्या रुंद भागाच्या खालच्या सावलीत बसलेली. त्यामुळे बहुतेक ठिकाणी तुम्ही खालून खालून जाऊ शकता, पण खाली म्हणजे जमीन जवळ, अँटेना जवळ, आणि तुमच्यासारखेच खालून जाणारे बाकीचे सगळे जवळ.

नियमांचं थोडक्यात. या तिघांपैकी कुठल्याही एअरपोर्टपासून ३० नॉटिकल मैलांच्या आत असाल तर मोड सी ट्रान्सपाँडर (रडारला विमानाची उंची कळवणारं यंत्र) आणि १ जानेवारी २०२० पासून एडीएस-बी आउट (विमानाची जागा सतत कळवणारं यंत्र) लागतं. क्लास बीच्या खालून जाताना २०० नॉटची मर्यादा. आणि आत शिरायचं तर कंट्रोलरच्या तोंडून ‘क्लिअर्ड इंटू द क्लास ब्राव्हो’ हे स्पष्ट ऐकू यायला पाहिजे. क्लास सी किंवा डी मधे रेडिओवर दोन्हीकडून बोलणं सुरू झालं, त्यांनी तुमचा कॉलसाइन (विमानाचं रेडिओवरचं नाव) घेतला की पुरतं, इथे तसं नाही. त्यांनी स्क्वॉक कोड (ट्रान्सपाँडरवर लावायचा आकडा) दिला, ‘रडार कॉन्टॅक्ट’ म्हटलं, तरी ती परवानगी नव्हे. ते शब्द ऐकले नाहीत तर बाहेरच राहायचं, लाजायचं नाही, सरळ विचारायचं.

व्हीएफआर, म्हणजे बाहेर बघून नजरेने उडवत जाताना फ्लाइट फॉलोइंग (कंट्रोलरने रडारवरून लक्ष ठेवायची सोय) जरूर मागा, पण गर्दी असेल तर ते नाही म्हणू शकतात आणि त्यात काही चुकीचं नाही. म्हणून एअरपोर्ट असं निवडा की कंट्रोलरने नाही म्हटलं तरी तुम्ही क्लास बीच्या बाहेरून, स्वतःच्या नजरेने, आरामात तिथे पोचाल. माझ्या दृष्टीने ही पहिली चाळणी. जिथे पोचायला कोणाची तरी मेहरबानी लागते ते एअरपोर्ट व्हीएफआर पायलटने पहिल्यांदा जाताना यादीत ठेवूच नये.

तुमचं विमान आणि तुम्ही

रनवेचं गणित बहुतेक जण घाईत करतात. १७२एस चं हँडबुक सांगतं की समुद्रसपाटीला, स्टँडर्ड दिवशी, पूर्ण वजनाने ५० फुटी अडथळ्यावरून उतरायला १,३३५ फूट आणि उडायला १,६३० फूट लागतात. नवं विमान, कसलेला पायलट, कोरडा रनवे. त्यावर निदान ५० टक्के चढवा, म्हणजे उडायला साधारण २,४५०. आता जुलैच्या ३५ डिग्रीत, चार माणसं आणि बॅगा घेऊन न्यू जर्सीतल्या लिंकन पार्कच्या जेमतेम ३,००० फुटांच्या अरुंद रनवेवरून निघायचंय असं धरा. जमतं, पण मोकळीक किती राहिली ते बघा. एकटे असाल आणि थंडीचे दिवस असतील तर तेच लिंकन पार्क झकास.

आणि नेहमी उडायचा हिशोब आधी करा, उतरायचा नंतर. उतरता येतं पण भरलेल्या विमानाने निघता येत नाही असे रनवे असतात, उलटं सहसा होत नाही.

दुसरं म्हणजे वारा. लिंडनला एकच रनवे, ०९-२७, म्हणजे पूर्व-पश्चिम. उत्तर-पश्चिमेकडून झोंबरा वारा सुटला की, आणि हिवाळ्यात थंड हवेचा पट्टा निघून गेला की तो सुटतोच, तिथे क्रॉसविंड, म्हणजे आडवा वारा, चांगलाच लागतो. कॉल्डवेल, मॉरिसटाउन, रिपब्लिक, वेस्टचेस्टर इथे दोन रनवे एकमेकांना कापणारे आहेत, म्हणजे वाऱ्याच्या दिवशी पर्याय आहे. तुमची स्वतःची क्रॉसविंडची मर्यादा कागदावर लिहून ठेवा, विमानाची नाही, तुमची.

आता एकेक एअरपोर्ट

टेटरबरो. १९४९ पासून पोर्ट ऑथॉरिटीकडे आहे, दोन रनवे, एक ७,००० फूट, दुसरा ६,००० च्या जरा वर. नावाजलेलं आहे, मोठ्या लोकांची जेट इथेच येतात, आणि तोच प्रॉब्लेम आहे. तुम्ही ९० नॉटने फायनलवर, म्हणजे रनवेसमोर उतरायच्या शेवटच्या टप्प्यात, मागे १३० नॉटचं जेट, कंट्रोलर म्हणतो वेग टिकवा, पुढे गेलेल्याचा वेक टर्ब्युलन्स (त्याने मागे सोडलेले हवेचे भोवरे). नेवार्कला उतरणारी विमानं डोक्यावरून जात असतात म्हणून निघतानाही उंची फार जपावी लागते, तिथल्या रूडी डिपार्चरमधे (निघायच्या ठरवून दिलेल्या मार्गात) आधी १,५०० फुटांवर थांबायचं आणि ठरलेला पॉइंट गेल्यावरच २,००० ला चढायचं, आणि त्यात व्यावसायिक क्रूसुद्धा चुकत आलेत. मे २०१७ मधे इथेच एक लिअरजेट सर्कलिंग करताना, म्हणजे उतरण्यासाठी दुसऱ्या रनवेकडे वळताना कोसळलं, दोघंही पायलट गेले. छोट्या विमानाला बंदी अजिबात नाही, लोक जातातही, पण हँडलिंगचा खर्च जेटवाल्यांच्या हिशोबाने असतो आणि कामाचा ताणही. मिडटाउनला तासाभरात पोचायलाच हवं असं काही असेल, आयएफआरचा, म्हणजे बाहेर न बघता उपकरणांवर उडवायचा सराव ताजा असेल, तरच. पहिल्यांदा जाताना नको असं मी ठामपणे सांगेन.

कॉल्डवेल, म्हणजे एसेक्स काउंटी. मला विचाराल तर पश्चिमेकडून किंवा पेनसिल्व्हेनियाकडून येणाऱ्या एका इंजिनवाल्या पायलटसाठी हे सगळ्यात समजूतदार ठिकाण. टॉवर आहे, मोठा रनवे साडेचार हजार फुटांचा, दुसरा ३,७०० च्या आसपास, आणि पॅटर्नमधे (रनवेभोवतीच्या उतरायच्या फेरीत) तुमच्यासारखीच विमानं, फ्लाइट स्कूलची भरपूर गर्दी. टॉवरवाल्यांना छोट्या विमानांची सवय आहे. स्टेशन मात्र पायी नाही, वेनमधल्या माउंटन व्ह्यू स्टेशनला टॅक्सीने जायचं किंवा थेट गाडी करून शहरात. मॅनहॅटनपासून साधारण वीसेक मैल. रात्री टॉवर बंद होतो, तेव्हा वेळा चार्ट सप्लिमेंटमधे (एअरपोर्टांच्या माहितीच्या पुस्तिकेत) आधीच बघून ठेवा.

याच कॉल्डवेलवरून १६ जुलै १९९९ ला जॉन एफ केनेडी ज्युनियर संध्याकाळी निघाले होते, मार्थाज व्हिनयार्डला. हवेत धूसरपणा, खाली पाणी, वर काळोख, क्षितिज दिसेना. अपघातांचा तपास करणाऱ्या एनटीएसबीने कारण दिलं ते स्पेशियल डिसओरिएंटेशनचं, म्हणजे विमान कुठे कललंय याचं भान सुटण्याचं. उन्हाळ्यातला तो दमट धूसरपणा इथे दर वर्षी येतो, मेटारमधे (एअरपोर्टच्या हवामान अहवालात) ६-७ मैल व्हिजिबिलिटी दिसते आणि वर गेल्यावर दुधात शिरल्यासारखं वाटतं. व्हीएफआर पायलटनी अशा दिवशी अंधार पडायच्या आत पोचायचं आणि अंधार पडायच्या आत निघायचं, नाहीतर मुक्काम करायचा. एअरपोर्ट निवडतानाच मुक्कामाची सोय बघा म्हणतो ते म्हणूनच.

लिंडन. ट्रेनसाठी याला तोड नाही. नॉर्थईस्ट कॉरिडॉरवरचं लिंडन स्टेशन जवळच आहे, तिथून न्यू जर्सी ट्रान्झिटने मॅनहॅटनचं पेन स्टेशन चाळीस मिनिटांच्या आसपास, आणि उलट्या दिशेला मेट्रोपार्क, एडिसन. आपल्या लोकांसाठी तर हे फारच सोयीचं. रनवे साधारण ४,१०० फूट, टॉवर नाही. पण नेवार्क इथून फक्त ५-६ नॉटिकल मैलांवर आहे, त्यामुळे क्लास बी अगदी अंगाशी, उंची आणि दिशा दोन्ही नीट सांभाळल्याशिवाय यायचं नाही. टर्मिनल एरिया चार्टवर (पायलटांच्या या भागाच्या नकाशावर) लिंडनच्या भोवतीचे आकडे आदल्या रात्री मोठे करून बघा, कुठून शिरायचं, किती उंचीवर, कुठे वळायचं ते पेन्सिलने काढा. ओळखायला खूण सोपी, पूर्वेला बेवे रिफायनरीच्या टाक्या आणि गोथल्स ब्रिज. दुसऱ्या महायुद्धात इथल्या कारखान्यात नौदलाची वाइल्डकॅट विमानं बनायची, हे त्याच काळातलं एअरपोर्ट आहे. पहिल्यांदा जाताना इथला एखादा इन्स्ट्रक्टर बरोबर घेतला तर पैसे वसूल.

रिपब्लिक, फार्मिंगडेल. लाँग आयलंड आणि क्वीन्ससाठी हेच. मोठा रनवे ६,८०० फुटांच्या वर, दुसरा साडेपाच हजार, टॉवर, चांगले अप्रोच, रात्रीही व्यवस्थित. पी-४७ थंडरबोल्ट इथेच बनायचं. फार्मिंगडेल स्टेशन टॅक्सीने काही मिनिटांवर, लाँग आयलंड रेलरोडने पेन स्टेशन किंवा जानेवारी २०२३ मधे सुरू झालेलं ग्रँड सेंट्रल मॅडिसन. अडचण एकच, न्यू जर्सीकडून यायचं तर जेएफकेला वळसा घालायला पाण्यावरून जावं लागतं, आणि कनेक्टिकटकडून यायचं तर लाँग आयलंड साउंड. १७२ इंजिन बंद पडल्यावर १,००० फुटांमागे साधारण दीड नॉटिकल मैल तरंगत जातं. उंची किती मिळतेय आणि किनारा किती लांब आहे याचा हिशोब करा, लाइफ जॅकेट अंगावर घाला, मागच्या सीटवर ठेवून उपयोग नाही.

वेस्टचेस्टर, व्हाइट प्लेन्स. न्यू इंग्लंडकडून आयएफआर येणाऱ्यांना सोयीचं, साडेसहा हजार फुटांचा रनवे, आयएलएस (ढगांतून रनवेवर आणणारी रेडिओ यंत्रणा), व्हाइट प्लेन्सहून मेट्रो-नॉर्थने ग्रँड सेंट्रल. एअरलाइन आणि कॉर्पोरेट जेट दोन्ही आहेत, त्यामुळे स्वस्त नाही. मध्यरात्र ते सकाळी साडेसहा आवाजासाठी ऐच्छिक कर्फ्यू असतो, टेटरबरोलाही रात्री ११ ते ६ असतो, आणि ऐच्छिक असला तरी पाळावा. शेजाऱ्यांना त्रास देऊन आपली छोटी विमानं टिकणार नाहीत.

मॉरिसटाउन चांगलं आहे, ६,००० फूट, टॉवर, स्टेशन थोडं लांब, तिथून पेन स्टेशनला थेट ट्रेन पण वेळ तासाच्या वर जातो. सेंट्रल जर्सी, ओल्ड ब्रिज, प्रिन्स्टन ही साडेतीन हजार फुटांच्या आसपासची, टॉवर नसलेली, शांत, आणि मध्य न्यू जर्सीत काम असेल तर एकदम योग्य. ब्रिजवॉटरच्या बालाजी मंदिरात जायचंय तर सोमरसेट किंवा सेंट्रल जर्सी.

जेएफके, लाग्वार्डिया, नेवार्कला छोट्या विमानाने जाता येतं का? प्रायव्हेट लायसन्स असेल तर कायद्याने येतं, स्टुडंट पायलटला सोलो येत नाही. पण लाग्वार्डिया नि जेएफकेला स्लॉटची, म्हणजे वेळ आधी राखून ठेवायची भानगड आहे आणि तिन्ही ठिकाणी फी आहे. शहरात जायचा मार्ग म्हणून यांचा विचार करू नका.

हडसनचा मार्ग

बऱ्याच जणांना एअरपोर्ट निवडतानाच हडसनवरून जायचं मनात असतं, आणि खरंच, ते दृश्य पायलटच्या आयुष्यात एकदा तरी बघावं असं आहे. पण तो एक वेगळा उड्डाणाचा बेत समजा, पोचायचा रस्ता समजू नका. ८ ऑगस्ट २००९ ला टेटरबरोहून निघालेलं एक पायपर आणि एक टूर हेलिकॉप्टर नदीवर एकमेकांवर आदळले, ९ जण गेले, आणि त्यानंतर नोव्हेंबर २००९ पासून विशेष नियम आले. नदीवर १,३०० फुटांच्या खालचा भाग क्लास बीतून वगळलेला आहे. नुसते पार होणारे १,००० ते १,३०० च्या मधे, फेऱ्या मारणारे १,००० च्या खाली. वेग १४० नॉटच्या वर नाही. उत्तरेला जाताना मॅनहॅटनचा काठ, दक्षिणेला जाताना जर्सीचा काठ. रेडिओच्या १२३.०५ या फ्रीक्वेन्सीवर चार्टवरच्या प्रत्येक ठरलेल्या ठिकाणी, जसं की जॉर्ज वॉशिंग्टन ब्रिज, इंट्रेपिड हे म्युझियमचं जहाज, स्टॅच्यू ऑफ लिबर्टी, व्हेराझानो ब्रिज, आपलं विमान, जागा, दिशा आणि उंची बोलायची. दिवे चालू. न्यूयॉर्कचा टर्मिनल एरिया चार्ट जवळ असलाच पाहिजे. एफएए या अमेरिकेच्या विमान नियामकाच्या सेफ्टी साइटवर याचा फुकट ऑनलाइन कोर्स आहे, तो न करता जाऊ नका, आणि पहिल्यांदा जाताना शेजारी दुसरा पायलट बसवा, एकजण उडवतो, एकजण बाहेर बघतो. ईस्ट रिव्हरचं वेगळं, तिथे ऑक्टोबर २००६ च्या अपघातानंतर विमानांना एटीसीची (हवाई वाहतूक नियंत्रणाची) परवानगी लागते.

एक बारीक पण फार महत्त्वाची गोष्ट. यँकी स्टेडियमवर बेसबॉलची मॅच असली की तिथून ३ नॉटिकल मैल आणि ३,००० फुटांपर्यंत बंदी असते, मॅचच्या एक तास आधीपासून संपल्यावर एक तासापर्यंत, आणि जॉर्ज वॉशिंग्टन ब्रिज त्या वर्तुळात येतो. म्हणजे हडसनवरून सरळ पार होता येत नाही, एटीसीशी बोलून त्यांची परवानगी घेतल्याशिवाय नाहीच. मेटलाइफ स्टेडियमवर सामना असला की त्याच्या वर्तुळात टेटरबरो येतं. बेसबॉलचं वेळापत्रक बघणं हा इथे फ्लाइट प्लॅनिंगचाच भाग आहे.

टीएफआर

टीएफआर म्हणजे उड्डाणांवरचे तात्पुरते निर्बंध; स्टेडियमचं झालं, आता व्हीआयपी. राष्ट्राध्यक्ष न्यू जर्सीत बेडमिन्स्टरला मुक्कामाला आले की १० नॉटिकल मैलांचं आतलं वर्तुळ जवळजवळ बंद, सोलबर्ग आणि सोमरसेट त्यात सापडतात. बाहेरचं वर्तुळ ३० मैलांचं, त्यात मॉरिसटाउन, कॉल्डवेल, लिंडन. बाहेरच्यात जाता येतं पण फ्लाइट प्लॅन फाइल पाहिजे, स्वतःचा स्क्वॉक कोड पाहिजे, एटीसीशी सतत बोलणं पाहिजे, मधे घिरट्या घालणं, ट्रेनिंग काही नाही. सप्टेंबरमधे संयुक्त राष्ट्रांची महासभा असते, त्या आठवड्यात मॅनहॅटनभोवती कडक निर्बंध असतात, त्या दिवसात शक्य असेल तर बेतच पुढे ढकला. नोटॅम (पायलटांसाठीच्या ताज्या सूचना) आणि टीएफआर आदल्या रात्री, निघताना, आणि परत निघायच्या आधी, तिन्ही वेळा बघा. तिसरी वेळ लोक विसरतात, आणि नेमकं तेव्हाच पाहुणे आलेले असतात.

फोन करा

वेबसाइटवरचे दर जुने असतात, त्यामुळे एफबीओला, म्हणजे एअरपोर्टवर पार्किंग आणि इंधन बघणाऱ्या कंपनीला फोनच करा. विमानाचा प्रकार सांगा आणि एकूण किती होईल ते विचारा. लँडिंग फी, रॅम्प फी, हँडलिंग, सिक्युरिटी, रात्रीचं टाय-डाउन हे सगळं वेगवेगळं लावलं जातं, एक सांगतात आणि चार येतात. किती गॅलन इंधन घेतलं की रॅम्प फी माफ होते, सेल्फ-सर्व्ह पंप आहे का, त्याचा दर काय, रात्री उशिरा आलो तर गेट उघडायला कोण असतं, कोड काय, हिवाळ्यात गरम हँगर किंवा डीआयसिंग आहे का. शेवटचं नीट विचारा, कारण छोट्या एअरपोर्टवर पंखांवर सकाळी दव गोठलं तर ऊन येईपर्यंत तुम्ही अडकलात. फोनवर ज्याने माहिती दिली त्याचं नाव लिहून घ्या. आणि अजून एक विचारा, एफबीओ सोडून एअरपोर्टची स्वतःची ट्रान्झियंट (बाहेरून आलेल्या विमानांसाठीच्या) पार्किंगची जागा आहे का, बऱ्याच ठिकाणी असते आणि बरीच स्वस्त पडते.

हवामान आणि दुसरं एअरपोर्ट

दोन एअरपोर्टं ठरवल्याशिवाय निघू नका, आणि दुसरं पहिल्याच्या शेजारचं नको. लिंडनवर ढग खाली आले तर ओल्ड ब्रिजवरही येणार, समुद्राकडून आलेलं धुकं दोघांनाही गाठतं. पहिलं पूर्वेला असेल तर दुसरं आत पश्चिमेला डोंगराकडे ठेवा. आयएफआरवाल्यांना नियम पाठ असतोच, पोचायच्या वेळेच्या एक तास आधीपासून एक तास नंतरपर्यंत २,००० फूट सीलिंग (ढगांच्या तळाची उंची) आणि ३ मैल व्हिजिबिलिटी नसेल तर अल्टरनेट, म्हणजे पर्यायी एअरपोर्ट फाइल करायचं. पण इथे गर्दीमुळे होल्डिंग (हवेत घिरट्या घालत थांबणं) आणि लांबच्या लांब वळसे मिळतात, स्पार्टा, ह्युगेनॉट असल्या लांबच्या पॉइंटवरून फिरवून आणतात, म्हणून ४५ मिनिटांचं इंधनाचं रिझर्व्ह हे कागदावरचं, टाकीत मी निदान दीड तासाचं ठेवायला सांगेन. व्हीएफआरला दिवसा ३० मिनिटं कायद्याने चालतात, न्यूयॉर्कला अजिबात चालवू नका.

उन्हाळ्यात दुपारी तीननंतर गडगडाट होऊन ढग उभे राहतात आणि सगळं आकाश ठप्प होतं, एअरलाइनवाले तासन्‌तास उभे असतात. सकाळी दहाच्या आत पोचायचा बेत ठेवा. वीकएंडच्या सकाळी शांत असतं, शुक्रवार आणि रविवार संध्याकाळ टाळा.

परत निघायचं

याचा विचार एअरपोर्ट निवडतानाच करायचा असतो. टॉवर नसलेल्या ठिकाणाहून आयएफआर निघताना क्लिअरन्स (मार्गाची परवानगी) फोनवर घ्यायचा, त्याला व्हॉइड टाइम असतो, म्हणजे त्या वेळेत निघालो नाही तर तो रद्द, आणि नेवार्ककडे गर्दी असली की रिलीज, म्हणजे निघायची मोकळीक मिळायला वेळ लागतो, तोपर्यंत इंजिन चालू ठेवून उभं राहायचं नाही, आधी रिलीज किती लांब आहे ते विचारा आणि मग स्टार्ट करा. जुलै २०२४ मधे नेवार्कच्या आसपासच्या आकाशाचं नियंत्रण फिलाडेल्फियाला हलवलं, २८ एप्रिल २०२५ ला तिथलं रडार आणि रेडिओ थोडा वेळ बंद पडले, आणि त्यानंतर कित्येक दिवस उशीर चालू होता. अशा दिवशी जिथून व्हीएफआर, फार तर तिथला टॉवर सोडून कोणाला न विचारता, क्लास बीच्या खालून पश्चिमेला निघता येतं ते एअरपोर्ट सोन्यासारखं वाटतं. कॉल्डवेल, लिंकन पार्क, सेंट्रल जर्सी इथून ते जमतं. हवा चांगली असेल तर व्हीएफआर निघून पुढे गर्दीबाहेर क्लिअरन्स घेणं हा पर्याय डोक्यात ठेवा, पण ढग खाली असतील तर नाही, तेव्हा जमिनीवरच थांबायचं.

बरोबरच्या लोकांना आधीच सांगून ठेवा की परतीची वेळ म्हणजे अंदाज आहे, आणि सोमवारी सकाळी कोणाला ऑफिसला पोचायलाच हवं असेल तर त्याने परतीचं ट्रेनचं तिकीट काढून ठेवावं. असं तिकीट खिशात असलं की पायलटवर कोणी दबाव टाकत नाही.

आणि व्हीएफआर फ्लाइट प्लॅन फाइल केला असेल, तर उतरलात तिथे टॉवर असो नसो, तो तुम्हालाच बंद करावा लागतो, कोणी आपोआप करत नाही. विमान बांधलं, चोक लावले, की बॅगा काढायच्या आधी फ्लाइट सर्व्हिसला फोन. ठरलेल्या वेळेनंतर अर्ध्या तासाने ते तुम्हाला शोधायला सुरुवात करतात.